म्युनिकच्या दोस्ताला, वाटणीबद्दल

सदलगा,
श्रुतपंचमी

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप काल रात्री जेवणं झाल्यावर ऐकला. मंडळींच्या भांडणानं तू चांगलाच वैतागलायस, ते आवाजावरूनच कळत होतं. फोनवर उत्तर दिलं असतं, पण सांगायचं बरंच आहे, आणि लिहिलेलं असलं की तुला ते चारचौघांपुढं ठेवता येईल.

इथलं सगळं ठीक. मृग निघाला, दोन सरी पडून गेल्या, दूधगंगेचं पाणी अजून खालीच आहे. सोयाबीनच्या पेरणीची सगळ्यांची घाई चाललीय. आईनं विचारलंय, तुझी मुलगी मराठी वाचायला लागली का. आईला तूच फोन करून सांग, माझ्याकडून ऐकलेलं तिला पटत नाही.

आता मुद्द्याचं. मला समजलं ते असं: तिथल्या चाळीसेक मराठी घरांनी मिळून एक सामायिक साठा केला. जुनी नाट्यगीतं, मुलांसाठी वाचून दाखवलेल्या गोष्टी, दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं, कुणाच्या आजीचं भजन. पाच-सहा जण भरतात, बाकीचे उतरवून घेतात. म्हणून एकानं नियम सुचवला की जेवढं टाकाल तेवढंच घ्या. तो लागू झाल्यावर कुणी लग्नाचे फोटो टाकले, कुणी यंदाच आलेल्या कादंबरीची पीडीएफ टाकली. आणि एकानं दुसऱ्याच्या बायकोनं वाचलेल्या गोष्टींवर आपलं नाव घालून त्या बाहेर फिरवल्या. एवढ्यावर चाळीस घरं फुटायची वेळ आली, आणि तू विचारतोस, न्यायाचा नियम कुठला?

हॉस्टेलातला आपला हब आठव. फाईल वाटायचा डीसी प्लस प्लस प्रोग्राम लावायचा आणि हबमध्ये शिरायचं तर आपल्या संगणकावरचा ठरावीक साठा सगळ्यांना उघडा ठेवायचा, नाहीतर दार बंद. कागदावर किती रास्त नियम! आणि पोरांनी काय केलं? एकच सिनेमा पाच नावांनी कॉपी करून ठेवला. कुणी तर विंडोजचा अख्खा फोल्डरच उघडा केला, आकडा भरला की झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बिदरच्या मुलाकडं जुन्या मैफलींच्या कॅसेटवरून उतरवलेलं दीडेकशे एमबी गाणं होतं, दुसरं काही नव्हतं. त्याला हबनं आत घेतलं नाही. त्यातलं एकही गाणं पुढं कुणाला मिळालं नाही, आणि मला त्याची अजून हळहळ वाटते. तुमच्या लग्नाच्या फोटोंचा प्रकार अगदी हाच आहे. आकडा मागितला की लोक आकडा आणून देतात.

नियमच नको म्हणशील तर तेही चालत नाही. ग्नुटेला नावाची फाईल वाटायची एक मोकळी व्यवस्था होती, कसली अट नाही, कुणी मालक नाही. २००० साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या एटन अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन या दोघांनी तिची मोजणी केली. सुमारे सत्तर टक्के लोक काहीच देत नव्हते, आणि जी काही उत्तरं मिळत होती त्यांतली जवळजवळ निम्मी फक्त एक टक्का लोकांच्या संगणकांवरून येत होती. म्हणजे तुमच्यातले ते पाच-सहा जण काही जगावेगळे नाहीत. फक्त ते दमले की सगळंच थांबतं.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, ब्रॅम कोहेननं बिटटोरंट काढलं आणि त्यानं हा प्रश्न माझ्या मते फार शहाणपणानं हाताळला. आपण दोघांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, पण आत काय चालतं ते कधी नीट बघितलं नाही. फाईलचे तुकडे होतात. तुझ्याकडं एक तुकडा आला की तो लगेच तुझ्याकडून दुसऱ्याकडं जायला लागतो, सगळी फाईल पुरी व्हायची वाट बघत नाही. दर दहा सेकंदांनी तुझा संगणक बघतो की मला कोण चांगलं देतंय, आणि त्यांना आधी देतो. इथपर्यंत सरळ देवाणघेवाण झाली. पण दर तीस सेकंदांनी तो आणखी एक करतो. ज्यानं आजवर काहीच दिलेलं नाही अशासुद्धा कुणा एकाला, चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून, देऊन बघतो. कारण नवा आलेला माणूस रिकाम्या हातानंच आलेला असतो. त्याला पहिला तुकडा कुणीतरी विश्वासानं दिल्याशिवाय तो दुसऱ्याला देणार काय? आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते: जो तुकडा सगळ्यांत कमी जणांकडं आहे तो आधी मागायचा. एकुलता एक माणूस संगणक बंद करून झोपायला गेला तर फाईल कायमची अर्धवट राहील, म्हणून.

याच व्यवस्थेवर पुढं बंदिस्त मंडळं उभी राहिली. तिथं प्रत्येकाच्या नावापुढं दिलेल्याला घेतल्यानं भागून एक आकडा लिहितात आणि तो एकाच्या खाली फार गेला की सभासदाला काढून टाकतात. तुमच्या मंडळींनी सुचवलेला नियम हाच. यात एक साधा हिशेब लोक विसरतात. मंडळाच्या आत सगळ्यांनी मिळून जेवढं घेतलं, तेवढंच सगळ्यांनी मिळून दिलेलं असतं. दुसरं येणार कुठून? म्हणजे सगळ्यांचा एकत्र हिशेब बरोबर एकच भरणार. एखाद्याचा आकडा पाच झाला तर दुसऱ्या काहींचा एकाच्या खाली जाणारच, त्यांनी कितीही प्रामाणिकपणे दार उघडं ठेवलं तरी. आणि खाली कोण जातं? ज्याची लाईन मंद आहे तो. जो उशिरा आला तो, कारण त्याच्याकडं जे आहे ते सगळ्यांनी आधीच घेतलेलं असतं. बेंगळुरूत बसलेल्या माणसाची फायबरची लाईन आणि आमच्या इथली, जिची वीज जोराचा वारा सुटला की जाते, यांना एकाच मापानं मोजणं मला अन्याय वाटतं. शहाण्या मंडळांना हे पुढं कळलं. मग त्यांनी किती दिलं याऐवजी किती काळ उघडं ठेवलं याचे गुण द्यायला सुरुवात केली, आणि काही फाईली घेतल्याचा हिशेबच धरायचा नाही असं ठरवलं.

आपल्या शिवारात ही समज फार जुनी आहे. पैऱ्यानं भांगलण करताना कुणी किती सऱ्या काढल्या ते मोजत नाहीत. तुझ्या रानात माझ्या घरचं माणूस एक दिवस आलं, तर तुझ्या घरचं एक माणूस माझ्या रानात एक दिवस. म्हातारी असली तरी तिचा दिवस तो दिवसच. फक्त पैरा फेडायला यायचंच, त्यात सवलत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: टाकण्याचा नियम काढून टाका, ठेवण्याचा करा. ज्यानं जे घेतलं ते त्यानं आपल्या घरच्या डिस्कवर नीट ठेवायचं, आणि पुढं कुणी मागितलं की द्यायचं. घेणारा त्या वस्तूचा राखणदार झाला. हे मी एवढ्या आग्रहानं म्हणतोय ते आजच्या दिवसामुळं.

आज श्रुतपंचमी. सकाळी बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, कपाटं उघडली, पोथ्या बाहेर काढल्या, जुनी वेष्टनं सोडून नवी बांधली. तू लहानपणी प्रसादासाठी यायचास तोच दिवस. षट्खंडागम हा जैन सिद्धांतग्रंथ लिहून पुरा झाला त्याची ही आठवण. धरसेन आचार्यांना वाटलं, आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल, म्हणून त्यांनी दोघांना बोलावून शिकवलं. त्या पुष्पदंत आणि भूतबली यांनी ते लिहून ठेवलं. नवव्या शतकात वीरसेनांनी त्यावर धवला नावाची प्रचंड टीका लिहिली. आणि मग, दोस्ता, हा ग्रंथ शतकानुशतकं एकाच ठिकाणी उरला. मूडबिद्रीच्या बस्तीत, ताडपत्रावर, जुन्या कन्नड लिपीत. यात्रेकरूंना लांबून दर्शन मिळायचं. वाचायला कुणाला नाही. टोरंटच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या जगात त्याचा एकच देणारा होता आणि त्यानं दार लावून घेतलेलं होतं.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद तिथं यात्रेला गेले आणि ती झिजत चाललेली पानं बघून अस्वस्थ झाले. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांना त्यांनी हे कळवलं. बरीच वर्षं बोलणी झाली, वर्गणी झाली आणि १८९६ मध्ये प्रत काढायला सुरुवात झाली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि आपल्या मिरजेचे गजपती उपाध्याय कामाला बसले. ब्रह्मसूरी मध्येच वारले, गजपती वर्षानुवर्षं लिहीत राहिले. धवलासह तिथल्या तिन्ही सिद्धांतग्रंथांच्या प्रती व्हायला १९२२ उजाडलं. सव्वीस वर्षं! आणि एवढं होऊनही अट कायम: नव्या प्रतीसुद्धा मूडबिद्रीबाहेर जायच्या नाहीत.

गजपतींनी ही अट मोडली. दिवसा बस्तीत लिहायचे आणि घरी गुपचूप कन्नड लिपीत आणखी एक प्रत होत होती. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा हात होता. ती प्रत घेऊन ते सोलापूरला, मुंबईला गेले. ज्यांनी हे सगळं काम सुरू केलं होतं त्याच शेठजींनी ती घ्यायला नकार दिला, अशा वाटेनं आलेली प्रत घेणं त्यांना रास्त वाटलं नाही. शेवटी सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तिथं काय झालं बघ: तिथंही ती कुलपातच गेली. कन्नडवरून देवनागरी करायला सीताराम शास्त्री बसले, आणि त्यांनीही आपल्यापाशी एक प्रत गुपचूप ठेवली. त्या प्रतीवरून मग अमरावती, कारंजा, आरा, सागर अशा ठिकाणी प्रती गेल्या. अमरावतीच्या प्रतीवरून प्राध्यापक हिरालाल जैन यांनी काम सुरू केलं. १९३९ मध्ये धवलाचा पहिला खंड छापून आला. पुढं सोळा खंड झाले. आणि छापील खंड हातात पडल्यावर मूडबिद्रीच्या मंडळींनी आपणहून मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघायची परवानगी दिली.

हे मी कितीदा वाचलं तरी माझं मन दोन्हीकडं ओढलं जातं. गजपतींनी दिलेला शब्द मोडला, हे खरं. नकार देणाऱ्या शेठजींबद्दल मला आदर वाटतो. पण माझा कौल शेवटी लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पडतो. रात्री चिमणीच्या उजेडात ती बाई लिहीत बसली असेल असं मी मनाशी धरतो. ती लिहीत होती म्हणून आज आमच्या बस्तीतल्या कपाटात ते सोळा खंड आहेत. नुसता कुलपाचा नियम केला की चांगल्या माणसांवर चोरीची वेळ येते, एवढं मी या गोष्टीतून घेतलंय. तुमच्या मंडळात नियम करताना हे बघा, की तो पाळून वस्तू पुढं जाते की अडते.

आणि या कामात आपल्या गावाचा माणूस होता, हे तुझ्या मुलीला सांग. पहिल्या खंडापासून ज्यांचं साहाय्य हिरालालजींना होतं ते डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, ६ फेब्रुवारी १९०६ ला सदलग्यात जन्मलेले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत त्यांनी आयुष्यभर प्राकृत ग्रंथ शोधून, पाठ ताडून छापले. १९३५ ची त्यांची 'प्रवचनसारा'ची आवृत्ती आजही अभ्यासक घेतात. अशा संपादकाचं सगळं काम दुसऱ्यांनी पोथ्या उघड्या केल्या तरच चालतं. एक पोथी इथून, एक तिथून, कुणाच्या पोथीत पान नाही, कुणाच्यात ओळ गाळलेली. पाच प्रती शेजारी ठेवल्या की खरा पाठ निघतो. प्रती वाटून ठेवण्याचा हा आणखी एक फायदा, जो मला फार उशिरा कळला: नुसतं हरवत नाही एवढंच नव्हे, चूकही सापडते.

बाहेरगावचे लोक आपलं गाव ओळखतात ते आचार्य विद्यासागरांचं जन्मगाव म्हणून, आणि ते बरोबरच आहे. उपाध्येंचं नाव फार कमी जणांना ठाऊक असतं. मला त्याचं वाईट वाटतं.

शेजारच्या भोजचे शांतिसागर महाराज तुला माहीतच आहेत. त्यांनीही याच ग्रंथांची काळजी केली होती. ताडपत्राला कीड लागते, कागद विरतो, म्हणून त्यांच्या प्रेरणेनं हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले आणि फलटणला ठेवले. एका वस्तूवर, एका जागेवर विसंबायचं नाही, ही बुद्धी या दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर होती.

पण मघाच्या गजपतींच्या गोष्टीचा आधार घेऊन कुणी यंदाची कादंबरी टाकली तर ते मी मान्य करणार नाही, आणि इथं मला तुमच्या मंडळींशी थोडं कडक बोलायचंय. वीरसेनांना जाऊन हजार-अकराशे वर्षं झाली होती. ती प्रत निघाल्यानं कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. आजच्या लेखकाचं पुस्तक दुकानात मिळतं, ते विकत घ्यायचं. मराठीत हजार-दोन हजार प्रतींची आवृत्ती संपली की समाधान मानतात. त्यात चाळीस घरांनी एक पीडीएफ फिरवली तर ते नगण्य नसतं. २०२० च्या टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या पीडीएफ किती फिरल्या ते आपण बघितलं. वर्तमानपत्राच्या तक्रारीवरून दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी टेलिग्रामला असले चॅनल काढायला लावले. आणि तुमच्या जर्मनीत तर टोरंटवरून सिनेमा उतरवला म्हणून वकिलाचं पत्र येतं, शेकडो युरोंचं. हे तू मला स्वतः सांगितलं होतंस. पण भीतीपोटी नको, लेखकाला द्यायचं म्हणून घ्या.

कायदा समजायला अवघड नाही. १९५७ चा आपला स्वामित्वहक्काचा कायदा, १९९२ मध्ये त्यातली मुदत पन्नासाची साठ वर्षं केली. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर कधीच मोकळी झाली. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायचं. गाण्यात तीन कुलपं असतात, ती एकेक करून बघायची: शब्द कुणाचे, चाल कुणाची, तबकडी कधी निघाली. १९११ चं 'मानापमान' घे. पदं खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. तबकडीचा हक्क ती निघाल्यापासून साठ वर्षं. तेव्हा तीस-चाळीसच्या दशकातली या पदांची तबकडी खुशाल वाटा. पण त्याच पदाचं गेल्या वर्षीचं नवं ध्वनिमुद्रण नको. जुन्या ग्रंथातही फसायला होतं. 'प्रवचनसार' कुंदकुंदांचा, फार प्राचीन. पण त्यावरची उपाध्येंची प्रस्तावना उपाध्येंची आहे, ते १९७५ मध्ये गेले, म्हणजे ती २०३५ संपेपर्यंत राखीव. गावचा माणूस म्हणून मी सवलत घेत नाही.

घरगुती गोष्टींना कायद्याच्या आधी माणसाला विचारायचं. आजीचं भजन म्हणजे आजीला विचारायचं, ती नसेल तर घरातल्या थोरल्यांना. पत्रं, डायऱ्या, घरच्या कार्यक्रमातलं बोलणं, हे कुणी आपल्या खुशीनं दिलं तरच. आणि नाव. तुमच्या त्या गोष्टी वाचणाऱ्या बाईंचं नाव पुसलं गेलं, ही मला सगळ्यांत जास्त टोचलेली गोष्ट आहे. पुस्तक चोरलं तर पुस्तक परत देता येतं, यात परत काय देणार? गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यातून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या आता सगळ्यांना ऐकायला आहेत. तिथं ओवीखाली गाणारणीचं नाव आहे, गाव आहे. मजुरी करणाऱ्या, शाळा न बघितलेल्या बायका, पण ओवी ज्या बाईनं म्हटली तिच्याच नावावर. असंच तुमच्याकडं करा. फाईलच्या नावातच वाचणाऱ्याचं नाव, कुठं, कोणत्या साली, मूळ कॅसेट की वही, कुणी उतरवलं, कुठलं पान नाही. नाव नसलेली फाईल घ्यायचीच नाही, असं आम्ही इथं ठरवलंय. आणि ते चालतं, कारण कुणाला आपल्या आजीचं नाव गेलेलं नको असतं.

आम्ही म्हणजे कोण, ते तुला पुरतं सांगितलेलं नाही. इचलकरंजी, निपाणी, चिकोडी, बोरगाव आणि आपलं गाव मिळून दहा-बारा जण आहोत. भजनी मंडळांच्या वह्या, कॅसेटवरची कीर्तनं, मराठी आणि कन्नड दोन्ही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या माळ्यावर न्यायच्या राहिलेल्या दोन ट्रंका भिजल्या. काकांची पदांची वही त्यात होती, शाई सगळी उतरली, पानं एकमेकांना चिकटली. मी सुरीच्या टोकानं एकेक पान सोडवत बसलो होतो, कडेचे चार-दोन शब्द सोडले तर हाती काही लागलं नाही. तीच वही आदल्या वर्षी इचलकरंजीच्या एका मास्तरांनी मोबाईलवर पानन् पान टिपून नेली होती. तेव्हा मला वाटलं होतं, कशाला एवढा खटाटोप. त्यांनी ती जपून ठेवली होती, नावानिशी, एकही पान वाकडं नाही. म्हणून आमचा पुढचा नियम असा की कुठलीही गोष्ट किमान तीन घरांत असलीच पाहिजे, आणि त्यातलं एक घर नदीपासून लांब. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा धावपळ झाली, पण काळजी कमी होती. तू आत आलास तर तुझं घर समुद्रापलीकडचं, म्हणजे आम्हाला फारच सोयीचं.

दुर्मीळ वस्तूला आम्ही मान देतो, वजनाला नाही. दहा मिनिटांचं एखादं कीर्तन, जे दुसऱ्या कुणाकडं नाही, ते ज्यानं आणलं त्यानं वर्षभर काही आणलं नाही तरी कुणी बोलत नाही. नव्या माणसाकडं आधी काही मागत नाही. त्याला एक चांगली गोष्ट देतो आणि सांगतो, ही सांभाळ. बहुतेक जण सांभाळतात. आणि विकायचं नाही, कुणालाही, कितीही थोड्या पैशांना. यावर मात्र चर्चा नाही.

चुकणाऱ्याचं काय करायचं, हा तुझा शेवटचा प्रश्न. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी कुरणं, कालवे, मासेमारी असल्या जगभरच्या सामायिक गोष्टी अभ्यासल्या. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या गावांनी शेकडो वर्षं सामायिक पाणी नीट टिकवून वापरलं, तिथं नियम गावानंच केलेले होते आणि शिक्षा आधी अगदी लहान असायची, पुन्हा केलं तर मग वाढायची. तुमच्याकडं एकदम हाकलायची भाषा चाललीय, ती थांबव. गोष्टींवर आपलं नाव घालणाऱ्या त्या गृहस्थांना तू एकटा जाऊन भेट, ग्रुपवर काही लिहू नकोस. वाचणाऱ्या बाईंचं नाव परत घालून ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांना पुन्हा पाठवायला सांग. ते त्यांनी केलं तर विषय संपला. नाही केलं तर महिनाभर नवं काही द्यायचं नाही. त्यानंतरही नाहीच, तर मग बसून ठरवा, आणि ठरवताना त्या बाईंना विचारा. कादंबरी टाकणाऱ्याला एवढंच सांग की चार घरांनी मिळून चार प्रती मागवा, टपालखर्च वाटून घ्या.

आता माझं एक काम. तुझ्या वडलांनी निपाणीच्या तंबाखू बाजारात असताना टेपवर धरलेली कीर्तनं तू जाताना घेऊन गेलास. तेरा-चौदा कॅसेट असतील, निळ्या डब्यात. त्या इकडं पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, वाटेत हरवतील. तिथं चांगला टेप डेक भाड्यानं मिळत असेल तर बघ. आधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं फिरवून परत मागं आण, इतकी वर्षं पडून फीत चिकटलेली असते. उतरवताना वेव्ह फाईल कर, एमपीथ्री नको. बारीक करणं नंतर कधीही होईल. आवाज स्वच्छ करायला जाऊ नकोस, खरखर राहू दे. वहिनी हौशी आहेत, त्यांना डब्यावरची अक्षरं वाचून लिहून काढायला सांग. बुवांचं नाव, गाव, तारीख, जेवढं लागेल तेवढं. न लागलेलं मला फोटो काढून पाठव, आईला तुझ्या वडलांचं अक्षर लागतं. आणि पाठवण्याआधी तुझ्या थोरल्या भावाला विचार. टेप त्याच्याही वडलांच्याच आहेत.

त्याचं 'हो' आलं की कळव, मी इकडं तीन घरं ठरवून ठेवतो.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा